हरणाबाईंचा शेवटचा शब्द

१

कोयनानगरच्या वसाहतीत, चढावरच्या शेवटच्या क्वार्टरपुढं, दगडी पायऱ्यांच्या तळाशी हरणाबाई निकम पडलेल्या सापडल्या. संध्याकाळी भाकरी टाकायला येणाऱ्या धोंडुबाईनं त्यांना पाहिलं. पाऊस इतका दाट होता, की दोरीवरचं लुगडं वाऱ्यानं खाली आलंय असं तिला आधी वाटलं. ते उचलायला ती वाकली आणि तिच्या हाताला बाईंचा गार पडलेला दंड लागला.

हरणाबाईंनी उभी हयात तिथल्या शाळेत मराठी शिकवलं होतं. मागंपुढं कोणी नव्हतं, म्हणून निवृत्तीनंतरही त्यांनी वसाहत सोडली नाही. शिकवणं थांबलं तरी चुका दुरुस्त करणं थांबलं नव्हतं. ‘पानी’ म्हणणाऱ्याला त्या रस्त्यात उभं करून ‘पाणी’ म्हणायला लावत. ‘माझी मदत करा’ म्हणत कोणी आलं, तर ‘मला मदत करा’ असं म्हणवून घेतल्याशिवाय त्या खुर्चीतून हलत नसत. लग्नपत्रिका हाती आली, की मुहूर्ताच्या आधी ऱ्हस्व-दीर्घ बघत. लोक त्यांना टाळायचे आणि आपली मुलं मात्र त्यांच्याकडंच पाठवायचे.

डोक्याला मागच्या बाजूनं मार बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं की जीव लगेच गेलेला नाही. पडल्यावर काही वेळ धुगधुगी होती. कोणी उचलून आणलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या.

गुडघे दुखरे, पायऱ्या शेवाळलेल्या. तोल गेला असणार, असंच सगळ्यांनी धरलं. पंचनामा आटोपत आला होता, तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरमधली मुलगी छत्री मिटत पुढं आली. दुपारी बाईंकडं एक माणूस आला होता, ती म्हणाली, आणि त्यांचं काहीतरी वाजलं होतं.

२

तपास सहायक निरीक्षक सोनिया कोळेकर यांच्याकडं आला. सोनिया कवठे महांकाळच्या बाजूची, मेंढपाळाच्या घरातली. पोलिसांच्या प्रशिक्षणात तिच्या ‘हाय’ आणि ‘न्हाई’वर बरोबरीच्या मुली हसल्या होत्या. तेव्हापासून ती वर्दीत असताना घरची बोली तोंडात येऊ देत नसे. तिची मराठी आता इतकी स्वच्छ झाली होती, की माहेरी गेल्यावर चुलत्या तिच्याशी जपून बोलत.

शेजारची मुलगी म्हणजे शर्वरी देवरे. वीजघरात कनिष्ठ अभियंता, नाशिककडची, नुकतीच बदलून आलेली. दोन्ही क्वार्टरची मधली भिंत एकच, पण दारं विरुद्ध बाजूंना होती. तिनं सांगितलं ते थोडं होतं. दुपारी ती ड्यूटीवर जायची तयारी करत होती. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. भिंतीपलीकडून माणसाचा आवाज आला, ‘आलो.’ त्यावर बाई ‘आले, आले’ म्हणाल्या. मग दोघांचे आवाज चढले. पुढं पावसात काही कळलं नाही आणि ती आपल्या दारानं कामावर निघून गेली.

माणूस कोण, हे शोधायला वेळ लागला नाही. त्या दुपारी नाथाजी मोहिते बाईंच्या घराखालच्या वळणावर भिजत उभा होता आणि नंतर घाईनं परत गेला, हे चहाच्या टपरीवरच्या दोघातिघांनी पाहिलं होतं.

नाथाजी सैन्यातून निवृत्त झालेला शेतकरी. त्याचा धाकटा भाऊ जोतिबाही फौजेत होता. मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या कड्याखाली सापडून तो गेला. गावानं त्याच्या नावाचा दगड उभा केला. अनावरणाला सगळे मान खाली घालून उभे असताना पुढच्या ओळीतून हरणाबाई म्हणाल्या होत्या, “‘वीर’मधला ‘वी’ दीर्घ हवा. हा दगड कायमचा आहे, बदलून घ्या.” नाथाजी सगळ्यांदेखत त्यांच्या अंगावर धावून गेला होता. लोकांनी त्याला धरलं, म्हणून पुढं काही झालं नाही.

हवालदार तानाजी म्हणाला, यापेक्षा सरळ प्रकरण त्यानं पाहिलेलं नाही.

सोनिया नाथाजीच्या घरी गेली तेव्हा तो ओसरीवर बसला होता. आत जोतिबाची विधवा अंजना चुलीपाशी होती. ती माहेरची कागलकडची. तिची मुलगी सृष्टी नववीत होती आणि वक्तृत्वाच्या तयारीसाठी रोज बाईंकडं जायची. सोनियानं तिच्याबद्दल विचारलं. बाई गेल्यापासून पोर जेवली नाही, असं अंजना म्हणाली. मग न विचारताच पुढं म्हणाली, “मी कवाच गेलो न्हाई त्यांच्याकडं. पोरगीच जायची.”

ओसरीवरून नाथाजीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि तो उठून उभा राहिला.

“चला मॅडम,” तो म्हणाला. “मीच गेलो हुतो. काय लिवायचं ते लिवा.”

३

चौकीत आल्यावर नाथाजी पुन्हा एक शब्द बोलला नाही. आत कसा गेला, काय बोलणं झालं, ढकललं कसं, कशालाच उत्तर नाही. गुन्हा कबूल करणारा माणूस एकदा सुरू झाला की थांबत नाही, हा सोनियाचा अनुभव होता. हा माणूस एक वाक्य टाकून दार लावून बसला होता.

ती पुन्हा बाईंच्या घरी गेली. आत, दारासमोरच वेताची खुर्ची होती. खुर्चीच्या दांडीला बाईंची काठी टेकवलेली, जशी होती तशी.

धोंडुबाई ओटा पुसत होती. ती शिराळ्याकडची, बऱ्याच वर्षांपासून बाईंकडं कामाला. सोनियानं तिला विचारलं, की बाई काठीशिवाय चालायच्या का. कधीच नाही, ती म्हणाली. मोरीपर्यंत जायचं तरी काठी लागायची. मग दार उघडायला कसं जमायचं? धोंडुबाईला तो प्रश्नच कळेना. दिवसा दार उघडंच असायचं. आल्यागेल्यानं थेट आत यायचं आणि बाईंनी बसल्या जागेवरून बोलायचं, अशी रीत होती. दिवेलागणीला कडी धोंडुबाईच घालायची आणि मागच्या दारानं घरी जायची.

म्हणजे काठी न घेता उठण्याइतकी घाई बाईंना झाली होती आणि ती आलेल्या माणसाला आत घेण्याची नव्हती. माणूस निघाला होता. बाई त्याच्या मागं पायऱ्यांपर्यंत गेल्या होत्या, त्याला थांबवायला. मारायला आलेल्या माणसाच्या मागं कोणी असं जातं का?

“तुम्हालाही बाई बोलताना टोकायच्या?” सोनियानं सहज विचारलं.

धोंडुबाईचा चेहरा पहिल्यांदाच हलला. “आदी आदी लय. मी आलो म्हटलं की चिडायच्या. मग माझा नाद सोडला त्यांनी. म्हणायच्या, धोंडू, तू न्हाई सुदरायची.” तिनं पदरानं डोळे पुसले. “कामाला नवी हुतो तवाचं हाय ह्ये.”

सोनिया दारापर्यंत गेली आणि थबकली. शर्वरीनं सांगितलेली एक गोष्ट तिच्या मनात आता टोचायला लागली होती. दार उघडं, बाई खुर्चीत, माणूस समोर उभा. मग बाई ‘आले, आले’ असं कुणाला म्हणाल्या?

४

शर्वरी रजेवर घरी निघण्याच्या तयारीत होती. बाईंच्या मृत्यूनं ती घाबरली होती आणि आपल्या शब्दावर एक माणूस आत बसलाय, याचंही तिला ओझं झालं होतं. सोनियानं तिला स्वयंपाकघरात भिंतीशी उभं केलं आणि त्या दुपारचं जे ऐकू आलं तेवढंच सांगायला लावलं. काय वाटलं ते नको, कानांवर पडलं ते हवं.

‘आलो’ किती वेळा? एकदा नव्हे, दोनतीनदा. आणि दर वेळी त्यानंतर बाईंचं ‘आले’. बाईंचा आवाज दाराकडं सरकत होता का? शर्वरीनं डोळे मिटले. नाही, एकाच जागेवरून येत होता, खुर्चीच्या बाजूनं.

“तो पुरुषाचाच आवाज होता, हे कशावरून?”

“म्हणजे... ‘आलो’ म्हणाला ना तो.”

“आवाजावरून नाही?”

शर्वरीनं भिंतीवर हात ठेवला. “पावसात आवाज जाड की बारीक, ते कळत नव्हतं. शब्द कळत होता. ‘आलो’ म्हणजे पुरुषच, नाही का?”

“बाई कशा म्हणाल्या, तसं म्हणून दाखवा.”

शर्वरीनं म्हणून दाखवलं. घाईत दाराकडं जाणारं माणूस म्हणतं तसं ते नव्हतं. सावकाश, तोडून, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. आ-ले.

हा सूर सोनियाच्या ओळखीचा होता. प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या प्रत्येक ‘हाय’वर याच सुरात म्हटलं होतं, आ-हे.

ती तिथल्याच स्टुलावर बसली. बाई येते म्हणून सांगत नव्हत्या. त्या समोरच्याची चूक दुरुस्त करत होत्या. ‘आलो’ नव्हे, ‘आले’. पण पुरुषानं ‘आलो’ म्हटलं तर त्यात दुरुस्त करायचं काय? ते बरोबरच आहे. हरणाबाई निकम बरोबर शब्द कधीच खोडणार नाहीत.

समोर एक बाई उभी होती. ‘मी आलो’ म्हणणारी बाई.

ही चूक मोजक्याच जणींची. कोल्हापूरच्या अंगाला, शिराळ्याकडं बाया सर्रास ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. तिकडं ती चूक नसतेच. धोंडुबाई तशी बोलायची, पण बाईंनी तिला टोकणं कधीच सोडून दिलं होतं. त्या दुपारची ती बाई हरणाबाईंपुढं अशी पहिल्यांदाच उभी राहिली असणार. आणि वळणावर उभ्या असलेल्या नाथाजीनं तिला पायऱ्या उतरताना पाहिलं असणार. फाशीचा दोर आपणहून गळ्यात माणूस कुणासाठी घालून घेतो?

मी कवाच गेलो न्हाई त्यांच्याकडं, असं कोणी न विचारता कोण बोललं होतं, हे सोनियाला आठवलं.

५

अंजना घरामागच्या परड्यात शेणी रचत होती. सोनियानं तानाजीला रस्त्यावरच थांबवलं आणि एकटीच आत गेली. वर्दीची टोपी काढून ती शेजारच्या दगडावर बसली. काय बोलायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं, पण तोंडून निघाली ती बऱ्याच वर्षांत कामावर न वापरलेली बोली.

“आक्का, तुमचं दीर तुमच्यापायी आत बसल्यात. ते काय बोलनार न्हाईत. तुमी बोला.”

अंजनानं हातातली शेणी खाली ठेवली. ती रडली नाही. आपल्याला कोणीतरी विचारावं याचीच वाट पाहत असल्यासारखी ती जमिनीवर बसली आणि सांगू लागली.

सृष्टीची वक्तृत्व स्पर्धा सांगलीत होती. विषय तिनंच घेतला होता, माझे वडील. रोज संध्याकाळी ती अंगणात उभी राहून भाषण म्हणायची आणि अंजना भाकरी थापता थापता ऐकायची. भाषणाच्या शेवटी जोतिबाचा शेवटचा फोन होता. सीमेवरच्या चौकीवरून आवाज तुटत होता, तरी त्यानं ‘कवा त्ये न्हाई सांगत, पर मी यितो’ एवढं म्हटलं होतं. त्यानंतर त्याचा आवाज कोणी ऐकला नाही. अंजना ते शब्द रोज मनात म्हणायची. आणि एक दिवस अंगणातून ऐकू आलं, ‘कधी ते सांगू शकत नाही, परंतु मी नक्की येईन.’

तिनं पोरीला विचारलं. बाईंनी सुधारून दिलं, असं पोरगी म्हणाली. आधीचं अशुद्ध होतं.

“दगडावरचं चुकलं आसंल, साहेब,” अंजना म्हणाली. “त्ये पातरवटाचं हुतं. ह्ये त्येंचं हुतं. मेलेल्या मानसाचं बोलनं कशाला सुदरायचं? त्येवडंच इचारायला गेलो मी. आयुष्यात पयल्यांदा त्या घराची पायरी चढलो. म्हटलं, बाई, मी एक इचारायला आलो. तर त्या म्हणाल्या, आले. मी म्हटलं, आलो ते पोरीच्या भाषनाचं. परत आले. मला फुडं बोलूच दिनात.”

तिसऱ्यांदा तेच झाल्यावर अंजना मोठ्यानं बोलली. काय काय बोलली ते तिला आठवत नव्हतं. सगळं बोलून ती निघाली, तशा बाई खुर्चीतून उठल्या आणि मागं आल्या. पायरीवर त्यांनी अंजनाचा हात धरला. काहीतरी सांगत होत्या. पावसात ऐकू आलं नाही, अंजना म्हणाली. तिनं हात झटकून सोडवला. मागं वळून बघते तो बाई खाली.

“जिवंत हुत्या?”

अंजना म्हणाली, “डोळं उगडं हुतं. माज्याकडं बगत हुत्या.” आणि मग अगदी हळू, “मी पळालो.”

हात झटकणं क्षणाचं होतं. पळून जाणं आणि पुढचे इतके दिवस चुलीपाशी बसून राहणं, हे मात्र तिचं स्वतःचं होतं. तेही तिला माहीत होतं. ती उठली, आत जाऊन सृष्टीचं ताट झाकून आली आणि सोनियाच्या पुढं चालू लागली.

६

नाथाजी सुटला. चौकीच्या पायरीवर बसून तो त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलला. दगड बदलून घेतो, असं बाईंना सांगायला तो त्या दुपारी निघाला होता. बाई बरोबर बोलल्या होत्या, आपलंच डोकं फिरलं होतं, हे त्याला घरी बसल्यावर उमगलं होतं. वळणावर पोचला तेव्हा अंजना मधल्या पायवाटेनं, उघड्या डोक्यानं, छत्रीविना पळत जाताना त्याला दिसली आणि तोही घाईनं परतला. बाई खाली पडल्यात हे झाडांमुळं दिसलं नाही. दिसलं असतं तर, एवढं म्हणून तो थांबला.

अंजनाला साताऱ्याच्या तुरुंगात ठेवलं. पहिल्या भेटीला नाथाजीनं सृष्टीला घेऊन जायचं ठरवलं, आणि सोनिया त्याच दिवशी कोर्टाच्या कामाला निघाली होती म्हणून तिनं दोघांना गाडीत घेतलं. नाथाजी पुढं बसला होता. उंब्रजच्या पुढं कुठंतरी त्याचा डोळा लागला. तेवढ्यासाठीच थांबल्यासारखी सृष्टी सोनियाकडं वळली.

“मॅडम, बाईंनी माझं भाषण बदललं नव्हतं.”

सोनियानं तिच्याकडं पाहिलं.

“मीच बदललं. सांगलीच्या मुली हसतील असं वाटलं मला.” ती पुस्तकात लिहिल्यासारखी स्वच्छ बोलत होती. “बाईंना म्हणून दाखवलं, तर त्या रागावल्या. म्हणाल्या, बाबांचे शब्द बाबांचे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. होते तसे म्हण. मी ‘हो, म्हणते’ म्हणाले, आणि म्हटलंच नाही. आईनं विचारलं तेव्हा बाईंचं नाव सांगितलं.” तिनं झोपलेल्या काकांकडं एकदा पाहिलं. “आईला सांगू का?”

सोनियानं नजर बाहेर वळवली. खिडकीबाहेर उसाची शेतं मागं पडत होती. सांगितलं तर ज्या रागापायी आई आत बसली आहे, तो रागच खोटा ठरेल. नाही सांगितलं तर ही पोर जन्मभर त्याखाली दबेल. शेवटी ती एवढंच म्हणाली, की मी तुला सांग म्हणणार नाही आणि नको असंही म्हणणार नाही. आईसमोर उभी राहिलीस की तुला कळेल.

भेटीच्या जाळीपलीकडं अंजना आली तेव्हा ती वाळलेली दिसत होती. पोरीनं तिला बोलूच दिलं नाही. एका दमात सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभी राहिली.

“ठावं हाय मला,” अंजना म्हणाली.

सृष्टीनं वर पाहिलं.

“पायरीवर माजा हात धरून बाई त्येच सांगत हुत्या. मी न्हाई बदललं, अंजना. मी तसंच ठिव म्हटलं हुतं पोरीला.” अंजना थांबली. “ऐकू आलं हुतं मला. खरं वाटलं न्हाई. माजी पोर खोटं बोलंल, ह्येच खरं वाटलं न्हाई.”

सोनिया मागं उभी होती. जबाबात ही जागा रिकामी का राहिली होती, पावसात ऐकू आलं नाही असं ही बाई का म्हणाली होती, ते तिला आता कळलं; पोरीचं खोटं कागदावर येऊ द्यायचं नव्हतं. अंजनानं पोरीच्या डोक्यावरून तिच्याकडं एकदा पाहिलं. सोनियानं मान हलवली. हे तिनं पुढंही कुठं नोंदवलं नाही.

सृष्टीनं जाळीला कपाळ टेकलं. अंजनानं आतून तिथंच बोटं लावली, आणि भेटीची वेळ संपेपर्यंत ती काढली नाहीत.